दोंदेबाईंची सही

एखादी गोष्ट 'चालतेय' असं कुणी म्हटलं की दोंदेबाईंच्या कपाळाला आठी पडायची. "चालतेय ते दिसतंय हो," त्या म्हणायच्या, "पण नाही चालली तर कळेल का तुम्हाला?" ऑफिसातला इमर्जन्सी दिवा त्या रोज सकाळी मेन स्विच पाडून तपासायच्या. कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी, एवढी दया त्या दाखवायच्या. पण त्या इमारतीत कुणाची वायर कुणाच्या मीटरला जोडली होती ते ब्रह्मदेवालाही माहीत नव्हतं, त्यामुळे खालच्या जीन्सवाल्याची चार शिलाई मशिनं दोंदेबाईंच्या तपासणीबरोबर थांबायची आणि खालून शिव्या यायच्या. बाई त्या शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बघा, दिवा लागला."

एकदा मी त्यांच्याबरोबर भांड्यांच्या दुकानात गेलो होतो. त्यांना मुलीसाठी डबा घ्यायचा होता. दुकानदाराने झाकण घट्ट लावून दाखवलं, "मॅडम, एक थेंब नाही गळणार." बाईंनी त्याच्याच तांब्यातलं पाणी डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि डबा त्याच्या वहीवर उलटा धरला. चौथा डबा गळला नाही, तो घेतला. पहिले तीन गळले होते, आणि वही तर गेलीच होती. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघत होतो. त्यांच्याबरोबर कुठेही गेलं की मी दुसरीकडेच बघायचो.

ही नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या डोक्यावर, दोन खोल्यांत आमची कंपनी होती. सहकारी बँकांमध्ये तेव्हा नुकतेच युनिक्सवाले कॉम्प्युटर येत होते, आणि त्यांना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. त्याचं नाव 'पहारा'. कुठल्या कारकुनाने काय उघडायचं, काय नाही, तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर त्याला बाहेर काढायचं, असं सगळं ते बघायचं. मालक हिरोशेठ. त्यांनी आधी परकर विकले, मग व्होल्टेज स्टॅबिलायझर, मग सॉफ्टवेअर. त्यांच्या लेखी तिन्ही एकच, माल. प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि तो तपासण्याच्या शेल स्क्रिप्टही मीच लिहिल्या होत्या. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली हुकमांची यादी. ती एकदा सुरू केली की तो आपला आपण दोनशे बारा परीक्षा घ्यायचा आणि प्रत्येकीपुढे 'ओके' छापायचा. चार तास लागायचे. शेवटी एक सर्टिफिकेट निघायचं आणि त्यावर खाली दोन जागा असायच्या, 'लिहिणार' आणि 'तपासणार'. पहिली जागा शेठने कधी भरू दिली नाही. "प्रोग्रॅमर का नाम बाहर गया तो प्रोग्रॅमर भी बाहर जायेगा," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या जागी दोंदेबाई सही करायच्या.

बाई अंबरनाथ पश्चिमेला राहायच्या. वय अडतीस. "आमच्या वडलांनी धम्म घेतला त्याच वर्षीची मी," असं त्या वय सांगायच्या. आमच्याकडे येण्याआधी अंबरनाथच्या एका तिजोऱ्यांच्या कारखान्यात त्या बारा वर्षं कुलपं तपासायला होत्या. तिथे त्यांच्यापाशी चुकीच्या किल्ल्यांची एक पेटी असायची. "बरोबर किल्लीने काय, कुलूप उघडतंच. आम्हाला पगार चुकीच्या किल्ल्या लावायचा होता." कारखाना बंद पडला. नवऱ्याच्या केमिकल कंपनीतही टाळेबंदी झाली. तेव्हा ही बाई स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीवरच्या क्लासात जाऊन युनिक्स शिकली. दोन मुली, घरी बसलेला नवरा, आणि वर हा क्लास. त्यांच्या लांब वहीत प्रत्येक कमांड मराठीत लिहिलेली असायची. एका पानावर मी वाचलं होतं, 'काम झालं तर उत्तर शून्य. काम बिघडलं तर एक. इथे शून्याला शाबासकी आहे. उलटी दुनिया.'

पहिल्या दिवशी मी त्यांना पडद्यावर सरसर उतरणारी 'ओके'ची रांग दाखवली, जरा ऐटीतच.

"हे कधी नापास झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

"मग मला एकदा नापास करून दाखवा, केळकर. त्याशिवाय मला कसं कळणार, की याला नापास करता येतं?"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. कुलपं खडखडवणारी बाई माझ्या स्क्रिप्टला शिकवणार? त्या रागात त्यांचं आडनावही होतं, तेही आता कबूल करतो. मी म्हटलं, "बाई, स्क्रिप्ट मी लिहिल्यात. तुम्ही फक्त चालवायच्या आणि सही करायची." शेठनेही तेच सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं आणि सही केली. नोकरीचा पहिला आठवडा होता. त्यानंतर वर्षभरात त्यांनी सहा सह्या आणखी केल्या, आणि प्रत्येक वेळी सहीच्या आधी तोच प्रश्न विचारला, "नापास करून दाखवता का?" मी प्रत्येक वेळी म्हटलं, "पुढच्या वेळी."

आमच्याकडे परीक्षेच्या दिवसाचा एक नियम होता. माझ्या आधीचा एक प्रोग्रॅमर नव्या व्हर्जनच्या फ्लॉप्या घेऊन पळाला होता, तेव्हापासून शेठने तो काढला होता. आतल्या खोलीला दाराऐवजी शटर होतं. परीक्षा सुरू झाली की शेठ शटर खाली ओढायचे, बाहेरून कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. तपासणारा आत. परीक्षा संपली, कागदावर सही झाली, कागद शटरखालच्या फटीतून बाहेर आला, की मग उघडायचं. आत खिडकी नव्हती. एक एसी, एक ट्यूब आणि मशीन, एवढंच. त्या दिवशी बाई सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. का, ते मला फार उशिरा सुचलं. मी मात्र शटरला टेकून त्यांना म्हणायचो, "काय बाई, माल पळवताय ना?" आतून आवाज यायचा, "एसी पळवते. गार पडलेय."

आठव्या वेळी परीक्षेला अडीच तास झाले असतील, तेव्हा शटरवर टकटक झाली.

"केळकर, जवळ या. हळू बोला. मी 'पहारा' काढून टाकलाय."

"काय?"

"नाव बदलून बाजूला ठेवला. मशीनवर तो नाहीच आहे. आणि परीक्षा चालूच आहे. एकशे चाळीस ओके."

काय झालं असेल ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. दोन वर्षांपूर्वी शेठ म्हणाले होते, निकाल पडद्यावर दिसला पाहिजे आणि फाइलीतही उतरला पाहिजे, गिऱ्हाइकाला दाखवायला बरं. मी प्रत्येक परीक्षेच्या शेपटीला एक कमांड जोडली होती. तिचं काम एवढंच, समोरून येईल ते लिहून घ्यायचं आणि पडद्यावरही दाखवायचं. पण अशी साखळी केली की 'काम झालं का?' या प्रश्नाला साखळीतला शेवटचा उत्तर देतो. शेवटचा होता लिहून घेणारा. परीक्षा पास होवो, नापास होवो, पहारा असो, नसो, त्याचं लिहून झालं की तो म्हणायचा, झालं. आणि पुढे 'ओके' छापलं जायचं. दोन वर्षं आम्ही फक्त लिहिणाऱ्याची परीक्षा घेत होतो.

"बाई," मी म्हटलं, "कुणाला सांगू नका."

आतून त्या म्हणाल्या, "माझ्या सात सह्या आहेत हो त्यावर."

मी 'माझी चूक आहे' असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "आपण दुरुस्त करू."

त्या दिवशी मशीन बिघडलं असं शेठला सांगून आम्ही परीक्षा पुढे ढकलली. मग दोन आठवडे डब्याच्या सुट्टीत दोघं स्क्रिप्टला बसलो. तेव्हा मला बाई कळल्या. त्यांना टायपिंग येत नव्हतं, एका बोटाने कळा शोधायच्या, आणि तरी माझ्या पुढे असायच्या. शेवटच्याचं उत्तर ऐकायचं नाही, ज्याची परीक्षा त्यालाच विचारायचं, हे झालं पहिलं. मग त्यांचा स्वतःचा नियम. प्रत्येक परीक्षा तीनदा घ्यायची. आधी चुकीच्या पासवर्डने, मग बरोबर पासवर्डने, मग पहारेकऱ्यालाच मशीनवरून काढून. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी जी परीक्षा ओरडणार नाही ती परीक्षाच नव्हे, ती खोडायची. मी म्हणायचो, "बाई, हे फार होतंय." त्या म्हणायच्या, "तुम्ही भाजी खा." त्यांच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मी, केळकरांचा मुलगा, तिथेच पहिल्यांदा खाल्ली आणि घरी सांगितलं नाही. घरी न सांगण्यात मी तेव्हाही तरबेज होतो.

नवी स्क्रिप्ट चालवली. एकतीस नापास. तीस किरकोळ होते. एकतिसावा किरकोळ नव्हता. कारकून मशीनला नाव सांगतो आणि पहारा त्याच्यापुढे येतो, या दोन गोष्टींच्या मध्ये एक-दोन सेकंद जातात. तेवढ्यात डिलीटची कळ दाबली तर पहारा यायचाच नाही. माणूस सरळ आत. पासवर्ड नको, नोंद नाही, सगळी खाती उघडी. बाईंनी कळ दाबली आणि पडद्यावर ते एकटं डॉलरचं चिन्ह आलं, म्हणजे बोला, काय हुकूम. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. चौदा बँकांत हे बसलेलं होतं.

शेठला सांगायला बाई गेल्या. मी मागे उभा होतो.

हिरोशेठ वाईट माणूस होता असं मला म्हणता येत नाही, तेवढाच तर त्रास आहे. दिवाळीला ते स्वतः सगळ्यांच्या घरी मिठाई घेऊन जायचे. बाईंची धाकटी तापाने फणफणली तेव्हा त्यांनीच गाडी पाठवली होती. त्यांनी सगळं ऐकलं, चहा मागवला.

"केळकर, कितना टाइम लगेगा ठीक करायला?"

"तीन आठवडे."

"तो करो. नेक्स्ट व्हर्जनमध्ये टाका. बात खतम."

"आणि चौदा बँका?" बाई म्हणाल्या. "त्यांना कळवायला पायजे ना शेठ. निदान ती कळ तरी बंद करा म्हणून."

"बाई, कळवलं तर पहिलं काय विचारणार? टेस्ट कोणी केली? सर्टिफिकेट पे किसका साइन है? मेरा तो नहीं है, साईं." हे त्यांनी रागाने नाही, काळजीने सांगितलं. "तुम्हारे ही भले के लिए बोल रहा हूँ."

जिना उतरल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. माझीच आहे सही."

पुढच्या सोमवारी पंधराव्या बँकेत कॉम्प्युटरचं उद्घाटन होतं. फीत, नारळ, संचालक मंडळ, सगळं ठरलेलं. दुरुस्ती झालेली नव्हती. शनिवारी शेठने सांगितलं, आहे तेच व्हर्जन जाईल, सर्टिफिकेट काढा. बाई अकरा वाजता आत गेल्या. शटर खाली आलं.

तीन वाजता फटीतून कागद बाहेर आला. सही होती. पण 'पास'च्या जागी बाईंनी पेनाने लिहिलं होतं, 'नापास, ३१'.

शेठने वाचला आणि नीट घडी करून परत आत सरकवला. मग खुर्ची ओढून शटरपाशी बसले. "बाई, नियम तुम्हाला मालूम आहे. परीक्षा संपली की उघडायचं. पास नाही झालं म्हणजे परीक्षा संपली नाही. आरामसे करा. दुसरा कागद टाकतो."

"शेठ, हे बरं नाही."

"मैं कुठे काय करतोय? नियम है."

चार वाजले. साडेचार झाले. खालची मशिनं चालली होती, जमीन थरथरत होती. मी माझ्या टेबलाशी बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत होतो आणि खोडत होतो. पाचला मी उठून म्हटलं, "शेठ, उघडा ना." एवढंच म्हटलं, आणि तेही असं, की शेठला सहज नाही म्हणता यावं. ते म्हणाले, "तू तेरा काम कर बेटा." मी जाऊन बसलो.

साडेपाचला आतून आवाज आला. अगदी साधा आवाज. "शेठ, मला बाथरूमला जायचंय."

"हां हां, जा ना. साइन करो और जाओ."

किती मिनिटं गेली मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही. फटीतून कागद आला. 'पास' होतं आणि खाली सही होती. तीच सही, नेहमीसारखी, सरळ. शेठने शटर वर केलं. बाई कुणाकडे न बघता गेल्या, पाच मिनिटांनी आल्या, डबा आणि छत्री घेतली. शेठने नियमाप्रमाणे पिशवी तपासली. "सोमवारी उशिरा आला तरी चालेल," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "बरं." सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारी नाही. नंतर आल्याच नाहीत.

पंधराव्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी पोस्टात तिकिटं आणायला गेलो होतो. तिथे खळ लावायच्या उंच टेबलापाशी बाई उभ्या होत्या. समोर आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. त्यांच्या बोटांची टोकं निळी होती. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "जीन्सचे धागे कापायला घेतलेत घरी," त्या म्हणाल्या. "मुलीही बसतात. रंग जाता जात नाही." आणि सहज, भाजी काय आणली हे सांगावं तसं, त्यांनी एक पत्र माझ्यापुढे केलं. "वाचा. शुद्धलेखन बघा."

पत्र बँकेच्या मॅनेजरला होतं. त्यात ती डिलीटची कळ नीट समजावून सांगितली होती, कुठल्याही शिपायाला कळेल अशी. ती तात्पुरती बंद कशी करायची, तेही होतं. मग लिहिलं होतं, 'या सॉफ्टवेअरच्या तपासणीवर माझ्या आठ सह्या आहेत. परीक्षा खरी आहे की नाही हे न बघता मी सात केल्या. आठवी माहीत असून केली. आठही खोट्या समजाव्यात.' खाली पूर्ण नाव आणि अंबरनाथचा पत्ता. चौदा बँकांची नावं त्यांना पाठच होती, आणि पंधरावी.

"शटरचं नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"ते लिहिलं तर आठवी जबरदस्तीची होते. मग आधीच्या सातांचं काय सांगू? तेव्हा सहीसाठी कुणी अडवून धरलं नव्हतं."

"बाई, उद्या पोलीस आले तर? तुम्हाला परत कोण नोकरी देणार?"

"ते मी केलंय विचार करून," त्या म्हणाल्या. "घरात दोन दिवस भांडण झालं त्यावर."

"पण चूक माझी होती. ती साखळी मी जोडली होती."

"हो," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. पत्राच्या तळाशी दोन जागा होत्या, सर्टिफिकेटवर असायच्या तशाच. 'तपासणार' पुढे त्यांचं नाव होतं. त्याच्या वर 'लिहिणार', आणि पुढची जागा कोरी. पंधराही पत्रांवर कोरी. बाईंनी पेनचं टोपण काढून ते मागे खोचलं आणि पेन टेबलावर ठेवलं, माझ्या बाजूला.

मी पेनकडे बघितलं. मला माझं शिरगावचं घर आठवलं, आई आठवली, दीड वर्षाची मुलगी आठवली. ही सगळी माणसं मी त्या क्षणी कामाला लावली. मग मी म्हटलं, "एक काना राहिलाय. तिसऱ्या ओळीत."

बाईंनी पेन घेतलं, काना दिला. "सुट्टी संपत आली असेल तुमची," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी आज जरा बरा झोपलो असतो.

मग त्यांनी त्या कोऱ्या जागेवर एक आडवी रेघ मारली. रिकाम्या जागेत मागाहून कुणी काही भरू नये म्हणून कागदावर मारतात, तशी. दुसरं पत्र घेतलं, रेघ मारली. तिसरं घेतलं. मी तिथेच उभा होतो. पंधरावी रेघ मारून होईपर्यंत त्यांना थांबवता येत होतं.